बंडूच्या दुःखाला दहापैकी नऊ गुण : एका एथिक्स कमिटीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
एथिक्स कमिटी

विषय : आयसीयूत दाखल करण्यापूर्वी भरला जाणारा 'दुःखभार तक्ता' रद्द करण्याबाबत

सविनय नमस्कार.

आपल्याला मी याआधी दोन अर्ज आणि एक स्मरणपत्र दिलं. उत्तर आलं ते साडेचार ओळींचं. त्यात शेवटी "आपल्या भावना आम्ही समजू शकतो" असं लिहिलं आहे. माझ्या अर्जात भावना फारशा नव्हत्याच, प्रश्न होते. तेच प्रश्न आता चारचौघांत विचारते आहे. रुग्णालयाचं आणि गावाचं नाव मुद्दाम गाळलं आहे. मला कुणाची बदनामी करायची नाही. शिवाय असा तक्ता उद्या दुसऱ्या कुठल्या रुग्णालयात निघाला, तर तिथल्या माणसांनाही हे पत्र उचलून जसंच्या तसं देता यावं.

मी माध्यमिक शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. माझा धाकटा भाऊ बंडू ३६ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय ताठ, मान सावरावी लागते, बोलता येत नाही, खाणं भरवावं लागतं. पेज, मऊ भात, उन्हाळ्यात आमरस, सगळं घट्टसर करून अर्ध्या अर्ध्या चमच्याने, कारण पातळ काही श्वासनलिकेत गेलं की संपलं. 'हो' म्हणायचं असेल तर तो जिभेने टक्‌ असा आवाज करतो. 'नाही' असेल तर डोळे घट्ट मिटतो. सकाळचा नगरपालिकेचा भोंगा वाजला की त्याला दाढी करून हवी असते. उशीर झाला तर डोळे मिटून घेतो आणि मग आमरससुद्धा नको असतो. हे सगळं सांगायचं कारण पुढे येईल.

गेल्या श्रावणात एका रात्री त्याला धाप लागली. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ७८. आम्ही त्याला आपल्या रुग्णालयात आणलं, कारण ते घरापासून सात मिनिटांवर आहे आणि आमच्या वडिलांच्या पिढीने वर्गणी काढून ते उभं केलं आहे. ड्यूटीवरचे डॉक्टर तरुण होते, वागायला चांगले होते. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्यांनी बंडूला तपासलं, छातीचा फोटो काढायला लावला, न्यूमोनिया आहे म्हणाले. मग टेबलाच्या खणातून एक छापील कागद काढला आणि उभ्या उभ्याच भरला. परीक्षेत पर्यवेक्षण करून करून घड्याळाकडे बघायची सवय लागली आहे, म्हणून सांगू शकते : बंडूशेजारी ते एकूण अकरा मिनिटं होते. कागदाच्या तळाशी लिहिलं, ९/१०. "सातच्या वर गेलं की आम्ही आयसीयू सुचवत नाही. जनरल वॉर्डात ऑक्सिजन लावू, त्याला आरामात ठेवू. इथे सही करा."

आरामात ठेवू, याचा अर्थ लागायला मला थोडा वेळ लागला. आईला आधी कळलं. ती बाकावरून उठली आणि बंडूची चादर गोळा करायला लागली.

मी सही केली नाही. रुग्णवाहिका करून त्याला ३८ किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात नेलं. सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता. एकोणिसाव्या दिवशी घरी आला. दिव्यांगांसाठीच्या सरकारी निरामय विम्यातून आले तेवढे आले, बाकीच्या बिलापायी आईच्या पाटल्या गेल्या. आता परत भोंगा वाजला की दाढी.

आणखी एक. त्या रात्री आपल्या आयसीयूतल्या आठपैकी दोन खाटा रिकाम्या होत्या. मी काचेतून मोजल्या. खाट एक आणि रुग्ण दोन असा पेच असता तर हे पत्र वेगळं झालं असतं. कदाचित झालंच नसतं. पण तसा पेच नव्हता.

नंतर मी आपलं चार पानी टिपण मागून घेतलं. पहिलंच वाक्य असं : "दुःख कमीत कमी करणे हे या रुग्णालयाचे सर्वोच्च नैतिक तत्त्व राहील." वाचून कुणीही मान डोलवेल. मीही डोलवली असती. चौथ्या पानावर तक्ता आहे. बोलता न येणे, २ गुण. स्वतः खाता न येणे, २. कायमचे परावलंबन, २. पुन्हा पुन्हा होणारे आजार, २. काळजी घेणाऱ्यांवरील ताण, २. बंडूला चौथ्या रकान्यात एक गुण कमी पडला, नाहीतर पैकीच्या पैकी होते. आमच्या घरात एवढे गुण यापूर्वी कुणालाच पडलेले नाहीत.

आता तक्रारी.

पहिली तक्रार अगदी सोपी आहे. या तक्त्याचं नाव 'दुःखभार' आहे आणि त्यात दुखण्याचा रकानाच नाही. रुग्णाला आत्ता कुठे दुखतंय, किती दुखतंय, कशाने थांबेल, हे एकाही ओळीत विचारलेलं नाही. बंडूला त्या रात्री दुखत होतं. श्वासाला त्रास होत होता आणि आखडलेल्या मांडीत गोळे येत होते. त्याचा एकही गुण कुठे दिसत नाही. दिसतात ते त्याच्या अपंगत्वाचे गुण. बोलता न येणं हे दुःख आहे, असं आपण धरून चाललात. बंडू ३६ वर्षं बोललेला नाही. त्याला त्याचं काय वाटतं हे मलाही पूर्ण ठाऊक नाही, पण अकरा मिनिटांत कुणाला कळण्यासारखं ते नक्कीच नाही.

दुसरी तक्रार लिहिताना माझा हात जड होतो. पाचवा रकाना : काळजी घेणाऱ्यांवरील ताण, दोनपैकी दोन. हा ताण माझा आहे. आईचा आहे. रात्री दोनदा उठून त्याला कुशीवर वळवणं, सक्शन मशीन धुणं, माझं लग्न न होणं (लोक त्याचं कारण बंडू समजतात, खरं कारण वेगळं आहे, पण ते इथे नको). थकते मी. एखाद्या रात्री मनात नको ते येतंही. पण ते माझं आहे, माझ्या खात्यावर. माझा थकवा उचलून बंडूच्या नावावर चढवायचा आणि त्याच्या जोरावर त्याला खाट नाकारायची, हा अधिकार आपल्याला कुणी दिला? मला त्यावेळी कुणी विचारलं असतं की बाई, तुमचा ताण हलका करायला काय करू, तर मी सांगितलं असतं : महिन्यातून दोन दिवस त्याला सांभाळायला कुणी तरी मिळू दे. आपण जो उपाय काढलात, तो मी मागितलेला नव्हता.

तिसरी, त्याला विचारलं नाही. "बंडू, नळी घालायची का?" एवढा प्रश्न पुरे होता. त्याने टक्‌ केलं असतं किंवा डोळे मिटले असते. डोळे मिटले असते तर मी काय केलं असतं हे मला माहीत नाही, पण निदान प्रश्न योग्य माणसाला गेला असता.

निरोगी माणूस दुसऱ्याच्या दुःखाचा अंदाज करतो तेव्हा तो फार चुकतो, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. आपण डॉक्टर आहात, आपल्याला माहीत असेल : ज्यांचं सगळं शरीर निकामी झालं आहे पण शुद्ध आणि समज शाबूत आहे, अशा 'लॉक्ड-इन' अवस्थेतल्या फ्रान्समधल्या माणसांना विचारून केलेली पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. बहुतेकांचं बोलणं डोळ्यांच्या हालचालींवरच चालतं. ज्या ६५ जणांची उत्तरं धरली त्यांतले ४७ जण आपण सुखी आहोत म्हणाले, १८ जण नाही म्हणाले. उत्तर न पाठवणारेही बरेच होते, ते मी लपवत नाही. आणि त्या १८ जणांचं म्हणणं ४७ जणांच्या गर्दीत हरवू नये, असंही मला वाटतं. पण आपला तक्ता लावला तर त्या सगळ्यांना सातच्या वर गुण पडतील, सुखी म्हणणाऱ्यांनाही आणि नाही म्हणणाऱ्यांनाही.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात हेच झालं होतं. गरिबांच्या सरकारी उपचारांचा प्राधान्यक्रम लावताना त्यांनी लोकांना फोन करून विचारलं की अमुक अवस्थेत जगणं किती वाईट, आणि त्या उत्तरांवरून आकडे बसवले. १९९२ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने ती यादी परत पाठवली. अपंगांच्या आयुष्याची किंमत, अपंग नसलेल्यांच्या समजुतीवरून कमी धरली आहे, हे त्याचं कारण. यादी सुधारावी लागली. आपल्या टिपणावर त्यापेक्षा कितीतरी नंतरची तारीख आहे.

चौथी तक्रार कायद्याची. ती थोडक्यात उरकते, कारण आपल्या कमिटीत एक वकील आहेत. उपचार थांबवण्याची किंवा न देण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात आखून दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती थोडी सोपी केली. तिच्यात दोन वैद्यकीय मंडळं आहेत, जवळच्या नातेवाइकांची संमती आहे, दंडाधिकाऱ्यांना कळवणं आहे. मुळात ती वाट ज्याचा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे अशा रुग्णासाठी आहे. सेरेब्रल पाल्सी हा मरणपंथाला नेणारा आजार नाही. न्यूमोनिया तर बरा होणारा आजार, आणि तो झालाही बरा. बंडूच्या वेळी कुठलं मंडळ बसलं? खणातला कागद हेच मंडळ. अपंगांना अपंगत्वामुळे उपचार नाकारले जाऊ नयेत, असं बजावणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने २००७ मध्येच मोहोर उठवली आहे. आणि दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या २५ व्या कलमात दिव्यांगांना तपासणीत आणि उपचारांत अग्रक्रम द्यावा असं लिहिलं आहे. अग्रक्रम. आपल्याकडे उलटा क्रम लागला.

तक्रारी इथे संपल्या असत्या, आणि आपण तक्त्यातले दोन रकाने बदलून मला नवीन प्रत पाठवली असती. म्हणून त्या पहिल्या वाक्याकडे परत येते. माझं भांडण खरं त्याच्याशी आहे.

दुःख कमी करणं चांगलं. पण दुःख कमीत कमी करणं हेच सर्वोच्च, त्याच्यावर काही नाही, असं ठरलं की काय होतं हे मी वर्गातल्या मुलांना फळ्यावर दाखवू शकते. समजा, एका वहीत फक्त ऋण संख्याच लिहायच्या असा नियम आहे. धन संख्या लिहायची सोयच नाही. तर त्या वहीत मोठ्यात मोठी बेरीज किती येईल? शून्य. आणि शून्य आणायचा हमखास उपाय कोणता? काहीच न लिहिणं. पान कोरं ठेवणं. नववीतलं मूलसुद्धा दोन मिनिटांत हे सांगेल. माणूस जिवंत आहे तोवर त्याच्या पानावर काही ना काही उणे पडतच राहणार. तेव्हा आपलं तत्त्व प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेलं, तर सगळ्यांत उत्तम रुग्ण तो, जो उरलाच नाही.

हा शोध माझा नाही. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने १९४५ मध्ये असं मांडलं होतं की राज्यकर्त्यांनी लोकांना जास्तीत जास्त सुखी करायच्या मागे लागू नये, टाळता येण्यासारखं दुःख कमी करावं. सुखाच्या नावाने चाललेल्या हुकूमशाह्या डोळ्यांसमोर असताना तो बोलत होता, त्याचं म्हणणं मला पटतं. पण १९५८ मध्ये आर. एन. स्मार्ट याने त्यावर एक शंका काढली. समजा, एखाद्या राजाच्या हाती असं अस्त्र आलं की क्षणात, कुणालाही न दुखवता, सगळी मानवजात नाहीशी होईल. दुःख कमी करणं हेच सर्वोच्च असेल तर त्या राजाने ते अस्त्र वापरलंच पाहिजे, नाही का? पासष्टहून अधिक वर्षं झाली, तत्त्वज्ञ या शंकेवर वाद घालत आहेत. काहीजण म्हणतात, एवढ्या टोकाला कोण जातंय. खरं आहे, राजा कुणी नाही. पण अस्त्र लहान असू शकतं. खणातल्या छापील कागदाएवढं.

आपल्या राज्यात हे घडून गेलेलं आहे. १९९४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची आणि बायकांची गर्भाशयं काढली गेली. रोगासाठी नव्हे. त्यांना पाळीची स्वच्छता जमत नाही, त्यांना त्रास होतो, सांभाळणाऱ्यांना त्रास होतो, असं कारण दिलं गेलं. स्त्रियांच्या संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. मी तेव्हा शाळेत होते. आई वर्तमानपत्र वाचून एवढंच म्हणाली होती, "पॅड बदलायला एक बाई जास्त ठेवली असती तर?" तिचं हे वाक्य मला कायम आठवतं, कारण त्यात सगळा हिशेब आहे. त्रास खराच होता. पण तो कमी करायचे दोन मार्ग होते, एका मार्गाला पगार द्यावा लागणार होता.

यावर आपल्यातले कुणी म्हणतील, मग तक्त्यात सुखाचेही रकाने घालू. कृपा करून घालू नका. मग बंडूच्या आमरसाला किती गुण आणि भोंग्याला किती, हे परत आपणच ठरवणार. माझं म्हणणं असं की न्यूमोनियाच्या रुग्णापुढे प्रश्न न्यूमोनियाचा असावा : या उपचाराने हा आजार बरा होईल का, उपचाराचा त्रास किती, आणि रुग्ण काय म्हणतो. त्याचं आयुष्य जगण्यासारखं आहे की नाही हा प्रश्न आपल्या टेबलावर येतच नाही.

मी दयामरणाच्या विरोधातली बाई आहे असा कुणी समज करून घेऊ नये. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनी डॉक्टरकडून विषाची सुई देववली. अहिंसेवरून देशभर गदारोळ झाला. माणसालाही हाच नियम लावाल का, असं लोकांनी विचारलं. गांधीजींचं उत्तर साधारण असं होतं की नियम तोच, पण आपल्या आजारी माणसांच्या बाबतीत आपण तसं करत नाही, कारण त्यांना मदत करायची साधनं बहुधा आपल्याजवळ असतात, आणि विचार करून ठरवायची शक्ती त्यांच्याजवळ असते. बंडूच्या वेळी दोन्ही होतं. व्हेंटिलेटर काचेपलीकडे होता आणि बंडू शुद्धीवर होता. पवनारला विनोबांनी १९८२ मध्ये अन्न-औषध सोडलं, ते त्यांनी स्वतः सोडलं. त्यांच्या पुढ्यातलं ताट कुणी तक्ता भरून काढून नेलं नव्हतं.

आणि जिथे विचारताच येत नाही तिथे? तिथे मीही अडखळते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यात मेंदूला इजा झाल्यावर तिथल्याच एका खोलीत १९७३ पासून १८ मे २०१५ पर्यंत होत्या. त्यांना जाऊ द्यावं म्हणून केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळला, आणि त्यांच्यासाठी निर्णय घ्यायचाच तर तो त्यांना वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांनी घ्यावा असं म्हटलं. एवढी वर्षं अंथरुणाला खिळून पाठीला एक जखम होऊ न देणाऱ्या त्या परिचारिका. त्या खटल्यात मी नेमकी कुणाच्या बाजूची, हे मला आजही ठरवता येत नाही. अर्ज करणाऱ्यांच्याही मनात दयाच होती. पण न्यायालयाने शब्द कुणाचा ऐकला, एवढं तरी बघा. जे रोज अंग पुसत होते त्यांचा.

आता वडिलांबद्दल, कारण ते सांगितल्याशिवाय हे पत्र खोटं ठरेल. वडील २०१६ मध्ये घशाच्या कर्करोगाने गेले. शेवटचे दोन महिने घरीच होते. अखेरच्या आठवड्यांत त्यांना असं दुखायचं की उशीत तोंड खुपसून ते ओरडायचे, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मी त्यावेळी देवाजवळ काय मागत होते ते लिहीत नाही. तेव्हा दुःख कमी करण्याला माझ्याइतका पाठिंबा दुसऱ्या कुणाचा नसेल. त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या हव्या होत्या. आपल्या रुग्णालयात त्या नव्हत्या. "परवान्याची भानगड फार असते," असं सांगितलं गेलं. मुंबईहून माझ्या मामेभावाने सगळी कागदपत्रं करून आणल्या, तोवर पाच दिवसच उरले होते. ते पाच दिवस वडील झोपले, बोलले. एक दिवस दहावीच्या निकालाबद्दल विचारलं.

भानगड खरोखर होती. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याने मॉर्फिन मिळवणं एवढं जिकिरीचं केलं की बहुतेक रुग्णालयांनी त्याचं नावच टाकलं. पण २०१४ मध्ये तो कायदा बदलला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून एकदा नोंद झाली की वेगवेगळे अनेक परवाने लागत नाहीत. म्हणजे वडिलांच्या वेळीसुद्धा ते शक्य होतं. मी परवा पुन्हा आपल्या औषध विभागात जाऊन विचारलं. अजून नाहीत.

सर्वोच्च तत्त्व दुःख कमी करण्याचं, आणि दुःख कमी करणारी स्वस्तातली स्वस्त गोळी रुग्णालयात नाही! वेदना आटोक्यात ठेवणाऱ्या सेवेला, पॅलिएटिव्ह केअरला, वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात १९८६ मध्येच सुरुवात झाली. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये हे काम सुरू झालं आणि पुढे घरोघर पोहोचलं, त्यात गावातले साधे लोक स्वयंसेवक म्हणून जातात. आपल्या चार पानी टिपणात तो शब्द फक्त एकदा आला आहे, "आरामात ठेवणे"च्या शेजारी कंसात.

माझ्या मागण्या अशा :

'दुःखभार तक्ता' तातडीने रद्द करावा. सुधारित नको, रद्द. तो लागू झाल्यापासून सातच्या वर गुण पडलेल्या किती रुग्णांना आयसीयू नाकारला आणि त्यांचं पुढे काय झालं, हे नावं न देता जाहीर करावं. आमच्याकडे रुग्णवाहिकेचे पैसे होते. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी सही केली असणार.

उपचार न देण्याचा निर्णय घ्यायचा असेल तिथे न्यायालयाने आखलेली पद्धत पाळावी, आणि रुग्ण कुठल्याही खुणेने बोलू शकत असेल तर ती खूण ओळखणाऱ्या माणसाला सोबत घेऊन आधी त्याला विचारावं. त्याचं उत्तर कागदावर नोंदवावं.

कमिटीवर किमान दोन दिव्यांग व्यक्ती असाव्यात. मला घेऊ नका. मी बहीण आहे, दिव्यांग नाही, आणि माझं दुःख त्याचं म्हणून मोजलं जाण्याचा धोका मी स्वतः बसले तरी राहीलच.

सहा महिन्यांत मॉर्फिनसाठी लागणारी नोंदणी पूर्ण करावी आणि आठवड्यातून एक दिवस तरी पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी चालू करावी. लागणाऱ्या वर्गणीची सुरुवात आमच्या शाळेच्या शिक्षकांकडून करून देते, तसं मुख्याध्यापकांशी बोलले आहे.

टिपणातलं पहिलं वाक्य बदलावं. कसं, ते मी सांगत नाही. पण त्यातला 'सर्वोच्च' हा शब्द काढला तरी माझं निम्मं भांडण मिटेल.

यावर चर्चा करायला आपल्या पुढच्या बैठकीत मला पंधरा मिनिटं द्यावीत. तारीख आठवडाभर आधी कळवा, कारण बंडूलाही आणणार आहे. त्याला काही विचारायचं असेल तर उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं येईल असा प्रश्न विचारा आणि त्याच्या तोंडाकडे बघा, माझ्याकडे नको. बैठकीची खोली पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्टमध्ये त्याची खुर्ची मावत नाही, तेव्हा खाली ओपीडीतच बसू. मागच्या दाराला रॅम्प आहे, पण त्याच्या तोंडाशी कर्मचाऱ्यांच्या मोटारसायकली लावलेल्या असतात. त्या दिवशी सकाळी तेवढ्या काढून ठेवायला सांगा. भोंग्यानंतर दाढी करून आम्ही दहापर्यंत पोहोचू.

आपली,
बंडूची ताई